दोनची वेळ

आर्णीजवळच्या तांड्यातल्या राखीला लोहाऱ्याच्या एका डाळ मिलमधून फोन आला. माल पाठवण्याच्या कामासाठी माणूस हवा होता. मुलाखत दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. एवढ्या सकाळी तिथं पोचवणारी एसटीच नव्हती.

"वेळ बदलून मागू नको," तिचे वडील किसनसिंग म्हणाले, "मागतली का नाव कट!"

"अन् पोरगी पोचलीच नाही तं नाव काय राहते?" आई हंसाबाई चुलीपाशी बसून म्हणाली.

आईचं पटलं. राखीनं घाबरत फोन केला. मिलच्या ऑफिसमधल्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मग दोनला या."

आवाज इतका गोड होता, की आपलं नाव कटलंच असं राखीला वाटलं. तरी ती गेली. बघते तर नऊला बोलावलेली पोरं अजून बाकावरच, चेहरे सुकलेले. मालक नीळकंठराव सकाळपासून तुरीच्या गाड्या उतरवून घेत होते. दोन वाजता ते जेवून, ढेकर देत खुर्चीत बसले आणि पहिलं नाव राखीचं पुकारलं गेलं.

"ट्रक वाटेत पंक्चर झाला. काय करशील?"

"ज्याचा माल आहे त्याले आधी फोन करीन. मंग डायव्हरले विचारीन, जेवला का म्हणून."

नीळकंठराव खो खो हसले. "कळवतो," म्हणाले.

पण कळवेनात. आठवडा गेला, दुसरा लागला. किसनसिंग रोज नवं कारण काढत. "चहा नको म्हटलं असशील. मालकाले राग येते." दुसऱ्या दिवशी दोष ओढणीच्या रंगावर गेला. राखीनं आशा सोडली, तेव्हा फोन आला: सोमवारी रुजू व्हा.

पहिल्याच दुपारी जेवताना तिनं रत्नप्रभाबाईंना विचारलं, "मॅडम, मले काहून घेतलं?"

"खरं सांगू? पहिली पसंती साकेत नावाच्या मुलाला होती. त्याच्यासाठी आम्ही थांबलो, तो नागपूरला नोकरीला लागला. तू दुसरी होतीस."

राखीनं हातातला घास डब्यात ठेवला. "अन् दुसरी तरी कायले?"

"येणाऱ्यांपैकी तिघं उशिरा आले, फोन कोणाचाच नाही. तू आदल्या दिवशी कळवलंस. गाडीला उशीर झाला की लोकांना कळवणं, हेच तर इथलं काम." मग डबा सरकवत त्या हळूच म्हणाल्या, "आणि दोनची वेळ मी मुद्दाम दिली. उपाशीपोटी आमच्या साहेबांना कोणीच पसंत पडत नाही."

राखीला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

संध्याकाळी तांड्यावर किसनसिंग पेढे वाटत सांगत होते, "पोरगी पहिली आली!"

"बा, दुसरी आली मी. पहिला नागपूरले गेला."

"मंग लोहाऱ्यात आता पहिलं कोण?" किसनसिंग म्हणाले, आणि पुढच्या घराकडे वळले.