जुलैतलं बर्फाचं मशीन

ग्लासगोबाहेरच्या आमच्या गल्लीतले एक आजोबा गवत कापायच्या छोट्या ट्रॅक्टरला रस्त्यावरचा बर्फ बाजूला उडवायचं जुनं मशीन जोडायच्या खटपटीत असायचे. जोडणीचे मूळ भाग कधीच हरवलेले. म्हणून कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी लावून बघायचा, मग तसाच भाग लोखंडात घडवायचा. एखादं भोक केसभर चुकलं, की शीळ घालत पुन्हा पुठ्ठा! तेही ऐन जुलैत.

जानेवारीत एकदाचा बर्फ पडला. आजोबांनी लगेच मशीन चढवायला घेतलं. पण शेवटचा बोल्ट आवळेपर्यंत ऊन पडून बर्फ वितळलासुद्धा.

"मेहनत वाया गेली हो," मी हळहळलो.

ओल्या रस्त्याकडे ढुंकूनही न बघता त्यांनी मशीन दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. "वाया? बघ, जरा तरी खडखडतंय का?"