विठ्ठलकाकांची खबर

फुलसावंगीत संघदीपचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग म्हणतात, "माणूस मोठा हिकमती, बापा!" हिकमती तर होताच. कॅसेटचं दुकान काढलं, ते सीडीनं खाल्लं. एसटीडी बूथ टाकला, तर घरोघरी मोबाइल आले आणि बूथमध्ये कोंबड्या बसू लागल्या. "तू ज्याले हात लावतं ते बुडते," असं मायनं तोंडावर सांगितलं. तरी पठ्ठ्यानं केबल ओढली आणि गावचा स्वतःचा चॅनल सुरू केला. त्यावर वाढदिवस, लग्नं, निधनं आणि संध्याकाळी कापसाचे भाव. कापसाचे वाईट दिवस होते, व्यापारी दारात येऊन मनाला येईल तो भाव सांगायचे. खरा भाव सांगणारा चॅनल चालणारच, अशी संघदीपची खात्री. हाही बुडाला तर पुण्याला चौकीदारी करायला जाईन, असं मात्र त्यानं मायला कबूल केलं होतं.

एका दुपारी विमलकाकू धापा टाकत आल्या. शेतात त्यांच्या नवऱ्याच्या, विठ्ठलकाकांच्या, डोक्यावर कावळा बसला होता. आता जुन्या लोकांची रीत अशी, की कावळा शिवला तर जवळच्या नातलगाला 'माणूस गेला' अशी खोटी खबर धाडायची. तो रडला की बला टळली. पण काकांचा सख्खा थोरला भाऊ गोविंदराव, म्हणजे काकूंचे भासरे, आणि दोघांत धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणावरून बोलणं बंद.

"भासरे गुडघ्यापायी घरीच टीव्ही पाहत बसते, बापू. एक पट्टी सोड. ते रडले की काढून घे."

संघदीपच्या बौद्ध घरात असलं काही मानत नसत. पण काकूंचा चेहरा पाहून त्याला नाही म्हणवेना. 'विठ्ठलरावांचे दुःखद निधन' अशी पट्टी त्यानं पडद्याच्या तळाशी सोडली. क्रिकेटची मॅच आपणच चॅनलवर लावून दिलीय आणि अर्धं गाव टीव्हीला चिकटलंय, हे मात्र हा शहाणा साफ विसरला!

घटकेत सारं गाव काकांच्या दारात. काका ओसरीवर ठेचा-भाकर खात बसलेले. गोविंदराव लंगडत आले, भावाला जिवंत पाहिलं, एक सणसणीत थापड ठेवून दिली आणि गळ्यात पडून ढसाढसा रडले. बाकीचे संघदीपवर उखडले. "जित्याले मारते, त्याच्या कापसाच्या भावावर कोन भरोसा ठेवीन? काढून ने तुही वायर!"

दुसऱ्या दिवशी संघदीपनं पुण्याला जायला बॅग भरली. तेवढ्यात दोघे भाऊ दारात उभे.

"कॅमेरा चालू कर," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. "मी विठ्ठल. खबर माह्या घरून गेलती, पोराचा कसूर नाई. त्या पट्टीपायी माहा भाऊ माह्या घरी जेवला. आता आजचा भाव सांगतो, मी खुद्द बाजारात पुसून आलो. एकदा मेलेला मानूस खोटं कायले बोलीन?"

गाव पोट धरून हसलं, आणि वायर जागेवर राहिली. तेव्हापासून रोज संध्याकाळी भाव सांगायचे ते काकांनीच. पुढे केबल डिशनं गिळली, मग संघदीपनं मोबाइलवर मेसेज सुरू केले, मग यूट्यूब. धंदे बुडत गेले, नवे निघत गेले, पण प्रत्येकाचा नारळ काकांच्या हातून फुटला. "काका नसते तर मी कुठल्या तरी गेटवर शिट्टी वाजवत असतो," हे तो येईल त्याला सांगायचा.

मग एका हिवाळ्यात काका खरंच गेले. संघदीपनं खबर टाकली, तर फोनवर फोन. "काहून रे, पुन्हा कावळा बसला काय?" सारे हसत होते, उठून कोणीच येईना.

शेवटी तो काकांच्या खुर्चीत बसला आणि कॅमेरा सुरू केला. आधी त्यानं काकांच्याच पद्धतीनं कापसाचा भाव सांगितला. मग त्याचा आवाज फाटला.

"कावळा नाई बसला, बापहो. काका खरंच गेले. मले गावात ठेवणारा मानूस होता तो. लवकर या."

अंत्ययात्रेला गल्ली पुरली नाही.