पाहुण्यांचं घर

बुधा मास्तरांना शब्दांची कुळं काढायची खोड होती. जव्हार संस्थानच्या कचेरीत ते इंग्रजी कारकून. संस्थान विलीन झालं, दप्तरं ठाण्याला गेली आणि एक जाडजूड इंग्रजी कोश कुणालाच नको म्हणून मास्तरांच्या घरी आला. मास्तर शाळेत इंग्रजी शिकवू लागले आणि भेटेल त्याला शब्दांच्या सोयरिकी ऐकवू लागले. चहा पिता पिता सांगायचे, हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल हे तिघे दिसायला सारखे उगाच नाहीत. मूळ घर लॅटिन, पण इंग्रजांकडे आले ते फ्रेंचांच्या दारातून. हॉस्टेल आणि हॉस्पिटल फार आधी आले; हॉटेल मागाहून आलं, तोवर फ्रेंचांनी मधला सकार गाळून टाकला होता. मुळाशी मात्र तिघांचा अर्थ एकच, पाहुण्यांची उतरायची जागा. चहावाला ऐकून घ्यायचा. रोजचं गिऱ्हाईक, करतो काय.

पुढे सरकारने डोंगरातल्या मुलांसाठी जव्हारला हॉस्टेल काढलं आणि मास्तरांना तिथे नेमलं. मास्तर हरखले. शब्दाचं मूळ माहीत असलेला माणूस हॉस्टेल चालवणार, म्हणजे ते मुळाबरहुकूमच चालायला हवं. ते स्वतः मोखाड्याकडच्या पाड्यावरचे. पाहुण्याला कामाला हात लावू द्यायचा नाही, आधी त्याला जेवू घालायचं, मग आपण बसायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पोरं आली तशी त्यांची सरबराई सुरू झाली. झाडलोट, पाणी, भांडी सगळं मास्तर आणि त्यांची बायको पारूबाई करत. कुणी केरसुणी उचलली की मास्तर ती हातातून काढून घेत.

आठवडाभरातच पोरं गेली. रडली नाहीत, भांडली नाहीत. एका सकाळी घोंगड्या नीट घड्या करून ठेवलेल्या होत्या आणि खोल्या रिकाम्या. तालुक्याचे साहेब येऊन बघून गेले. दिवाळीपर्यंत पोरं दिसली नाहीत तर हॉस्टेल दुसऱ्या तालुक्याला द्यावं लागेल, एवढंच बोलले. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. हे गेलं तर डोंगरावरच्या सूर्यमाळहून आलेली ही पोरं पुन्हा गुरांमागे जाणार, हे सांगायला कोश लागत नव्हता.

भर पावसात ते सूर्यमाळला चढून गेले. सोम्या नावाचा पोरगा सगळ्यांत हुशार, म्हणून आधी त्याच्याच घरी. सोम्याचा बाप लाडक्या ओटीवर बसला होता. पोरांना काय कमी पडलं, असं मास्तरांनी विचारलं. काहीच नाही, लाडक्या म्हणाला. पोरं तुमचं गुणच गातात.

"मंग घरी आली कशाला?"

"पावना किती दिस राहील, मास्तर? पोरांना लाज वाटली."

पाड्यावर जन्म काढून हे आपल्याला कळू नये, म्हणून मास्तरांना स्वतःचाच राग आला. फ्रेंचांचं घर सापडलं आणि आपलंच विसरलं. त्यांनी पोरांना परत मागून घेतलं. परत आलेल्यांना त्यांनी कामं वाटून दिली. कुणी झाडायचं, कुणी लाकडं आणायची, कुणी नाचणी दळायला बसायचं. विहिरीचं पाणी सोम्याकडे. पारूबाई एकाला भाकरी करपली म्हणून ओरडली, तेव्हा मास्तरांना पहिल्यांदा हायसं वाटलं.

आवणीच्या, भाताची रोपं लावायच्या दिवसांत लाडक्या सोम्याला न्यायला आला. शेतात माणूस कमी पडत होता. एक गेला की बाकीचे निघणार, हे मास्तरांना दिसत होतं. पण नको म्हणायचा हक्क आपला नाही, म्हणून त्यांनी सोम्याला हाक मारली. सोम्या हंडा उतरवून पडवीत आला.

"मी गेलू त हितलं पानी कोन भरील?" तो बापाला म्हणाला.

सोम्या आत गेला, लोटाभर पाणी घेऊन आला आणि दारी आलेल्या कुणाही माणसापुढे ठेवावा तसा तो लोटा बापापुढे ठेवला. लाडक्या बराच वेळ लोट्याकडे बघत राहिला. मग प्यायला, तोंड पुसलं आणि उठायला लागला. हॉस्टेल आता टिकणार, हे मास्तरांना कळलं. आनंद झाला, पण लाडक्याकडे बघवेना.

"जेवून जा, बा," सोम्या म्हणाला.

लाडक्या पुन्हा बसला. पाय आवरून, पडवीच्या अगदी कडेला.