बसऱ्याच्या अलीकडे

पगारासाठी समुद्र ओलांडणारा आमच्या घरातला मी दुसरा. पहिला माझा पणजोबा. पहिल्या महायुद्धात तो इंग्रजांच्या पलटणीबरोबर बोटीनं बसऱ्याला गेला आणि परत आला नाही. मी विमानानं कुवेतला आलो, बँकेत कॉम्प्युटरच्या नोकरीवर. मीही अजून परत गेलेलो नाही, पण मला निदान वर्षाला रजा मिळते.

सलव्यातल्या आमच्या फ्लॅटपासून बसरा तसं काही लांब नाही. मध्ये सीमा नसती तर जेवून निघालो असतो नि चहाला पोचलो असतो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात पणजोबाचा विषय निघाला की सगळे म्हणायचे, "लांब गेलाय." आणि आपण त्याच्या इतक्या जवळ येऊन राहिलोय, हे माझ्या डोक्यात यायला बारा वर्षं लागली. धन्य माझी!

त्याच्याबद्दल घरात फारसं कुणाला ठाऊक नाही. पलटणी नदीच्या काठाकाठानं वर सरकत होत्या, त्यातल्या एकीत तो शिपाई होता. इंग्रजांना बगदाद हवं होतं. ह्याला काय हवं होतं म्हणे? बैलजोडी. बैलजोडीसाठी माणूस वाळवंटात गेला, बोला आता! राग येतो मला. आणि आठवणही येते. न पाहिलेल्या माणसाची आठवण येते का? येते. दुपारी खिडकीतून ते पांढरं ऊन दिसलं की वाटतं, हेच ऊन त्यानं पाहिलं असणार. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, कुणास ठाऊक.

तो गेल्याची बातमी गावात कधी आलीच नाही, असं आम्ही ऐकत आलो. पणजी साठ वर्षं कुंकू लावून राहिली आणि सवाष्ण म्हणूनच गेली, हिरव्या लुगड्यात, ओटी भरून. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात अविधवा नवमीला करतात. आमच्याकडे ते दर वर्षी होतं. एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. आता गंमत बघा. पणजीची नवमी घालायची म्हणजे पणजोबा हयात आहे असं धरायचं. आणि हयात माणसाला तर्पणाचं पाणी कसं देणार? त्यामुळे आमच्या घरातल्या सगळ्या गेलेल्यांना पाणी मिळतं, त्याला एकट्याला नाही. शंभरावर वर्षं झाली.

अण्णा, माझे वडील, एक्क्याऐंशीचे. यंदा भाद्रपदात महिन्याच्या व्हिसावर आमच्याकडे आले ते एकच गोष्ट मनात धरून. "मी जायच्या आत माझ्या आजोबांना पाणी द्यायचंय," म्हणाले. "आधी बसऱ्याकडची ती बाजू मला डोळ्यांनी बघू दे. माझ्यामागं तू काही देणार नाहीस."

"का नाही देणार?" मी उसळलो.

"तुला तिथी तरी माहीत असते का रे?"

पण एक गोष्ट मी त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. त्या युद्धात मेलेल्यांची यादी इंटरनेटवर आहे. तिच्यात पणजोबा मला सापडला होता. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं जुळत होतं. कबर नाही, नुसती एक ओळ. पणजी गेली त्याच्या कितीतरी आधी तो गेला होता. हे सांगायचं म्हणजे पणजीला मेल्यावर विधवा करायचं. तिचं हिरवं लुगडं खोटं, आमच्या सगळ्या नवम्या खोट्या. अण्णांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं ते ह्याच आजीनं. कुठल्या तोंडानं सांगायचं?

शुक्रवारी सकाळी त्यांना घेऊन उत्तरेला निघालो. जहरा मागे पडलं, मुतलाची टेकाडं ओलांडली, पुढे रस्ता सरळ अब्दलीकडे. नाक्यावर पोलिसानं कागदपत्रं पाहून कुठे निघालात विचारलं. शेतावर, भाजी आणायला, असं मी ठोकून दिलं. तिकडे टोमॅटो-काकडीची शेतं आहेत, लोक जातात. सीमेच्या बऱ्याच अलीकडे गाडी कडेला घेतली. समोर नुसती वाळू आणि विजेचे खांब. अण्णा उतरले, टोपी सारखी केली आणि उत्तरेकडे बघत उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की मला राहवेना. यादीचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, यांना ऊन लागलं.

"आजीलाही ठाऊक होतं. तालुक्याला कचेरीत जायची ना ती, मला बरोबर घेऊन, ती विधवेची पेन्शन आणायला. गावात सांगायची, पलटणीतून पगार येतो. कचेरीच्या अलीकडे ओढा होता. तिथं बसून कुंकू पुसायची, बांगड्या उतरवून माझ्या हातात द्यायची. अंगठा देऊन आली की परत बांगड्या, परत कुंकू. आरसा मी धरायचो. म्हणायची, 'सरकारात गेल्यात ते. घरात न्हाईत गेलं. घरात बोलू नगंस.'"

"गावाला कळलं नाही?"

"कळलं असेल की. तिच्यापुढं बोलायची कुणाची छाती होती? माझ्या बापाचीही नव्हती."

"मग आता पाणी का देताय?" माझा आवाज चढला. चढला कसला, फाटला.

"तिला शब्द दिला होता, तो पाळला. पण आता त्यांना वळखणारं माणूसच उरलं नाही रे. मी गेलो की ते कुणाचेच नाहीत."

मी गाडीतली पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी हातानंच नको म्हटलं. मग उत्तरेकडे तोंड करून, पलीकडच्या वाडीतल्या माणसाला हाक मारावी तसे मोठ्यानं बोलले, "आजोबा, तिच्यावर रागावू नका. पोटासाठी सरकारात तुम्हाला मेलेलं सांगितलं तिनं, पण घरात एक दिवस मरू दिलं नाही. आता ती नाही. मी तुम्हाला न्यायला आलोय. रस्त्यात कशाला पाणी देऊ? घरी चला."

एवढं बोलून ते गाडीपाशी आले आणि मागचं दार उघडून धरून उभे राहिले. आतला सगळा गारवा बाहेर चालला होता. "अण्णा, दार लावा," हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला आणि मी तोंड मिटलं.

माणसाला आत बसायला लागतो तेवढा वेळ थांबून त्यांनी दार हलकेच लावलं. मग पुढे येऊन माझ्याशेजारी बसले, डोळे पुसले.

"काढ गाडी," म्हणाले. "पण सावकाश घे हं. त्यांना मोटारीची सवय नाही."