आप्पांचं 'पॉसिब्ली'

आमचे आप्पा, म्हणजे वडील, मुरुमच्या शाळेत तीसेक वर्षं इंग्रजी शिकवत होते. घरात कुणी 'बहुतेक' म्हणालं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "किती बहुतेक?" लग्नाला येणार का विचारलं की आमच्याकडं सगळे 'बघू' म्हणतात. 'नाही' कुणीच म्हणत नाही, आणि येतही नाही. आप्पांना या 'बघू'चा फार राग.

वर्गात ते हा विषय तुरीवरून शिकवायचे. "तूर पोत्यात भरली, निस्ती बाजारात न्यायची, तर प्रॉबेब्ली. शेंगा धरल्यात पण आभाळ आलंय, तर परहॅप्स. बोलताना त्यालाच मेबी म्हणा. आन् रान हाय, बी हाय, अजून पेरलं न्हाय, तर पॉसिब्ली." मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्याचं इंग्रजी पक्कं झालं, तो परदेशी नोकरीला गेला. माझं जेमतेम राहिलं, मी आप्पांपाशी राहिले. तक्रार नाही. थोडी आहे.

बापलेक एकमेकांना इंग्रजीतच लिहायचे. आप्पांची नजर गेली तसे भावाचे मेसेज मी वाचून दाखवू लागले आणि आप्पा सांगतील ते उत्तर टाइप करू लागले. मग सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हृदय फार थकलंय. भावाला आजार माहीत होता, पण किती ते माहीत नव्हतं. फोनवर आप्पा आवाज ठणठणीत काढायचे, आणि त्यानं मला विचारलं की मी 'बरे आहेत' म्हणायची. आजारपणात आपण दुसरं काय म्हणतो?

त्यानं आधी लिहिलं होतं की मेमध्ये 'प्रॉबेब्ली' येईन. मे गेला. मग दिवाळीला 'परहॅप्स'. दिवाळीही गेली आणि तिसरा मेसेज आला, पुढच्या मेमध्ये 'पॉसिब्ली'. मी होतं तसं वाचलं. बदलून वाचावं हे तेव्हा सुचलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

आप्पांनी तो शब्द पुन्हा वाचायला लावला. मी म्हटलं, "घाईत लिहिलं असेल, आप्पा."

"न्हाय, अक्का," ते म्हणाले. भावामुळं घरात सगळे मला अक्काच म्हणायचे. "म्या शिकवलंय त्याला. 'बघू' लिवलं असतं तर वाट बघितली असती."

थोड्या वेळानं त्यांनी उत्तर सांगितलं. तुला जमेल तेव्हा ये, मेमध्ये मी 'पॉसिब्ली' इथं असेन. एवढंच. आवाजात राग नव्हता. त्यांनी फक्त शब्द मोजून वापरला होता.

दिवेलागणीची वेळ होती. अशा वेळी अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे लहानपणापासून मनात बसलेलं. वडिलांच्या असण्याला तो शब्द माझ्या हातानं जोडवेना. आप्पांना दिसत नव्हतं. मी 'पॉसिब्ली'च्या जागी 'प्रॉबेब्ली' टाकलं आणि पाठवून दिलं.

"लिवलं?"

"हो."

"म्या सांगितलं तसंच?"

"हो, आप्पा."

संक्रांतीच्या आधी आप्पा गेले. भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. त्याच्यासाठी थांबायचं म्हटलं तरी किती थांबणार? सगळं आटोपलं होतं.

दहाव्याला पाहुणे पांगल्यावर तो आप्पांच्या खाटेवर बसला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. तो मेसेज त्यानं जपून ठेवला होता. "हे बघ, अक्का. प्रॉबेब्ली लिहिलंय त्यांनी. आप्पांनी लिहिलंय म्हणजे पोत्यात भरल्यासारखंच, म्हणून मी निर्धास्त राहिलो. पॉसिब्ली लिहिलं असतं ना, तर त्याच रात्री निघालो असतो."

सांगायला हवं होतं, तोंड उघडलंही होतं.

तो म्हणाला, "आयुष्यभर आम्हाला शब्द मोजायला शिकवलं, आणि शेवटी त्यांचाच चुकला."

मी म्हटलं, "वय झालं होतं रे त्यांचं."