रांजणातलं पेट्रोल

आखाती तेलाच्या तावडीतून हा देश कोणी सोडवलाच, तर तो आमचे धाकटे दीर सोडवतील, आणि तेही खालापूर तालुक्यातून, जुन्या स्कूटरवर बसून. याविषयी भावजींच्या मनात कधीच शंका नव्हती. शंका घ्यायला मी होते.

कुठलीही गोष्ट सडताना दिसली की भावजींना तिच्यात इंधन दिसतं. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीकडे बघतात, हे उष्ट्या भाताकडे. झोडणीनंतर कुणी पेंढा पेटवला, की बांधावरून ओरडतात, "अरं, पेट्रोल जाळतोयस! ह्याचं इथेनॉल व्हतं. शेताचा पैसा शेतात ऱ्हाईल, आन् धूर झालाच तर पुढचं पीक तो पिऊन टाकील. जमिनीखालच्या तेलाचा धूर कोण पिनार, तुझा सासरा?"

हे वेड जुनं आहे. मी नवी नवी महिला मंडळाची अध्यक्ष झाले, तेव्हा दारूबंदीसाठी पदर खोचून गावभर फिरत असे. अक्कल बेताची, आवाज मात्र तीन वाड्यांना पुरेल एवढा. एकही भट्टी सापडेना, म्हणून मनातून जरा खट्टूच होते. अशात आमच्याच गोठ्यामागे रांजण सापडला. आत गळून पडलेली जांभळं, काळा गूळ आणि नाकाला झोंबणारा वास.

"वहिनी, हात लावू नका! गाडीचं पेट्रोल हाय ते!"

"हो का? आणि तुमचे भाऊ रोज इथे टाकी भरायला येतात वाटतं!"

मुसळाच्या दोन घावांत मी देशाची प्रगती जमिनीवर सांडली. कोंबड्या दोन दिवस तिरक्या चालत होत्या. मंडळाने माझा सत्कार केला, त्यात भावजींनीही टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुधारले!

आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. लोक कुरकुरतात, गाडी ॲव्हरेज देत नाही. भावजी पंपावरच उभे राहून ऐकवतात, "थोडी कमी पळंल. पन आपल्या शेतावर पळंल!"

आणि गेल्या महिन्यात त्याच पेट्रोलने त्यांच्याच स्कूटरची जुनी रबरी नळी फुगवली. आम्ही दोघं खोपोलीला निघालो होतो, गाडी कुंभिवलीच्या नाक्यावर बसली. चहावाला म्हणाला, "काय काका, गाडीला चढली काय?" अख्खा नाका हसला.

भावजींनी सीट थोपटली. "रबर जुनं झालं रं. इचार नाय झाला. नळी बदलीन, पेट्रोल नाय बदलनार!" आणि या वयात एकटेच गाडी ढकलू लागले.

मी पदर खोचला. भावजी दचकले. "वहिनी, आता काय फोडताय?"

"गप ढकला," म्हणत मी मागून जोर लावला. नाक्याकडे वळून ओरडलेही, "हसा, हसा! मी तर ह्यांच्या पेट्रोलला तुमच्यापेक्षा जास्त हसले होते!"

गॅरेज दिसू लागलं तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. इतकी वर्षं गिळलेलं मी हळूच विचारलं, "भावजी, त्या रांजणातल्यावर चालली असती का हो गाडी?"

त्यांनी हँडल सरळ केलं. मग म्हणाले, "बघायला मिळालं असतं, वहिनी."