चादरीची दोन टोकं

कधी कोणी हे वाचलंच, तर शुद्धलेखनाच्या चुका आणि वेडंवाकडं अक्षर माफ करा, चौथीपर्यंतच शिकले.

सकाळच्या उन्हात झटकलेली चादर हवेनं फुगते, ढगासारखी थांबते आणि सावकाश खाली बसते. हॉस्पिटलच्या वॉर्डात मी मावशी. एक टोक माझ्याकडे, दुसरं सुनंदा सिस्टरांकडे. मधल्या ढगाआड कधी कधी माणूसच दिसत नाही.

मागे एकदा काही दिवस आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. रक्तदाबाचं मशीन माझ्या हातून फुटलं, भीतीनं मी गप्प राहिले आणि भरपाई त्यांच्या पगारातून कापली गेली.

चादर बदलताना पेशंटला दोघींनी एक-दोन-तीन मोजून एकदम वळवायचं असतं. त्या दिवशी कुणीच मोजलं नाही. कमरेचं ऑपरेशन झालेले आजोबा हिसक्यानं कळवळले.

"बायांनो, भांडा खुशाल, पण आकडे तरी म्हणा!"

"एक," सिस्टर पुटपुटल्या.

"दोन," मी म्हणाले.

"तीन!" आजोबाच ओरडले.

चादर अलगद बसली. "सिस्टर, मशीन माझ्याकडून फुटलं."

"ठाऊक होतं, मावशी. तुम्ही कधी सांगता, तेच बघत होते."

दर पगाराला थोडे देत, आज शेवटचे पैसे दिले. सिस्टरांनी न मोजता खिशात टाकले, चादरीचं टोक धरलं आणि म्हणाल्या, "एक."